साठ मायक्रॉनचा रकाना : म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीचा एक प्रकरण अभ्यास

जानेवारीतल्या एका दुपारी माझी एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी उघडा लॅपटॉप हातावर तोलत विभागात आली. पडद्यावर आलेख होता. खाली डावीकडे ठिपक्यांचा दाट पुंजका, तिथून उजवीकडे वर चढत गेलेली एक वक्र रांग, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात बाकीच्यांपासून तुटून बसलेले अकरा ठिपके.

"मॅडम, हे अकराच्या अकरा गार धुळीचे आहेत. आतली धूळ विरून गेलीय आणि बाहेरचं कवच राहिलंय."

मी पाहिलं आणि मलाही तसंच वाटलं. ताऱ्यापासून सुटून दूर गेलेली कवचं हा या विषयातला फार सुंदर भाग आहे आणि अशी उदाहरणं कमी आहेत. नाशिकच्या एका कॉलेजात, गंगापूर रोडवरच्या वर्दळीत बसून, फुकट मिळणाऱ्या आकड्यांवरून अकरा तारे हाती लागले म्हटल्यावर आम्ही दोघी खूश झालो. मी तिला सेमिनारची तारीख दिली.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या अकरांतले आठ ठिपके गळाले, मग आणखी दोन गळाले आणि एक उरला. हे प्रकरण मी लिहून ठेवते आहे, कारण आपल्याकडच्या अनेक कॉलेजांमध्ये आता जुन्या उपग्रहांच्या सारण्यांवर प्रकल्प होतात आणि ही चूक कुणाच्याही हातून होईल अशी आहे. ती पकडली कशी गेली, हे मला चुकीपेक्षाही जास्त मोलाचं वाटतं.

राखेखालचा निखारा

आधी ताऱ्यांबद्दल. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की त्याच्या गाभ्यातलं इंधन सरतं. आत कार्बन आणि ऑक्सिजनचा घट्ट गोळा तयार होतो, त्याच्याभोवती हेलियम आणि हायड्रोजनचे पातळ थर जळत राहतात, आणि बाहेरचा भाग फुगून प्रचंड मोठा होतो. पृष्ठभागाचं तापमान तीन हजार केल्विनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. आपल्या सूर्यावर ही पाळी सुमारे सात-आठ अब्ज वर्षांनी येणार आहे. असा तारा संथपणे फुगतो आणि आक्रसतो. एका फेरीला बहुतेकदा वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. त्या हेलकाव्यांनी वरचा वायू उचलला जातो, थोडा दूर जाऊन थंड होतो आणि हजार-दीड हजार केल्विनच्या आसपास त्यात धूलीकण धरू लागतात. कण तयार झाले की ताऱ्याचा प्रकाशच त्यांना बाहेर ढकलतो. कण वायूला सोबत ओढून नेतात आणि सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने सगळं बाहेर वाहू लागतं. वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या एक कोटीव्या भागापासून दहा हजाराव्या भागापर्यंत काहीही निसटून जाऊ शकतं.

धूळ दाट झाली की तारा डोळ्यांना दिसेनासा होतो. त्याचा प्रकाश धूळ गिळते, स्वतः तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत बाहेर टाकते.

विद्यार्थिनी निफाडकडची. घरची द्राक्षबाग. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा कसा घसरतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. सेमिनारमध्ये तिने समजावलं ते असं : "पहाटे चारला शेकोटीवर राख धरलेली असते. लांबून बघितलं तर विझलीय असं वाटतं. हात पुढे केला की धग लागते. आपले डोळे दृश्य प्रकाश बघतात, हाताची कातडी अवरक्त." मला यापेक्षा चांगलं उदाहरण आजवर सापडलेलं नाही, आणि भौतिकीच्या दृष्टीनेही ते चोख आहे. तीन हजार केल्विनचा पृष्ठभाग सगळ्यात जास्त उजळतो तो एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, तरंगलांबीच्या आसपास. तीनशे केल्विनची धूळ उजळते दहा मायक्रॉनच्या आसपास. तापमान दहापट उतरलं की तरंगलांबी दहापट वाढते.

पण हे मोजायचं तर आपली हवा आडवी येते. हवेतली वाफ बरेचसे अवरक्त पट्टे शोषून घेते. शिवाय दहा मायक्रॉनला हवा, दुर्बीण, तिचा घुमट, निरीक्षकाचा हात, सगळंच उजळलेलं असतं, कारण हे सगळं तीनशे केल्विनच्या आसपास आहे. अबूच्या गुरुशिखरावर आपली १.२ मीटरची अवरक्त दुर्बीण आहे. ती एक-दोन मायक्रॉनच्या टप्प्यात उत्तम काम करते. २५ किंवा ६० मायक्रॉनसाठी मात्र वातावरणाच्या वर जाऊन दुर्बीण गारठवावी लागते. २५ जानेवारी १९८३ ला सुटलेल्या आयरास उपग्रहाने ते केलं. ५७ सेंटिमीटरची दुर्बीण, द्रव हेलियमने थंड केलेली, आणि १२, २५, ६० व १०० मायक्रॉन असे चार पट्टे. नोव्हेंबरमध्ये हेलियम संपला आणि काम थांबलं. जेमतेम दहा महिन्यांत त्याने जवळजवळ सगळं आकाश पाहून टाकलं आणि सुमारे अडीच लाख अवरक्त स्रोतांची यादी मागे ठेवली. आमचा सगळा प्रकल्प त्या यादीवर उभा होता. विद्यार्थिनीच्या जन्माच्या कितीतरी आधीचे आकडे, पण आजही कामाचे.

दोन रंग, दोन प्रश्न

अवरक्त खगोलशास्त्रात रंग म्हणजे दोन पट्ट्यांतल्या तेजाचं गुणोत्तर. २५ मायक्रॉनच्या तेजाला १२ मायक्रॉनच्या तेजाने भागायचं, त्याचा लॉग घ्यायचा, अडीचने गुणायचं. हा पहिला रंग. ६० आणि २५ चं तसंच केलं की दुसरा. एक आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या. १९८८ मध्ये व्हॅन डर वेन आणि हाबिंग यांनी याच आलेखावर चल, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांचे ठिपके मांडले आणि त्याचे भाग पाडून दाखवले : इथे उघडे तारे, इथे पातळ आवरणाचे, इथे दाट आवरणाचे, इथे कार्बनवाले. आमच्या प्रकल्पाचा नकाशा तोच.

उघड्या ताऱ्याची जागा कागद-पेन्सिलीने काढता येते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा काढावी असं माझं ठाम मत आहे. एवढ्या लांब तरंगलांबीला गरम ताऱ्याचं तेज तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. बारा भागिले पंचवीस, त्याचा वर्ग ०.२३. लॉग घेऊन अडीचने गुणलं की उणे १.६. पंचवीस भागिले साठ, वर्ग ०.१७४, त्यावरून उणे १.९. म्हणजे ज्या ताऱ्याभोवती धूळच नाही तो आलेखावर उणे १.६ आणि उणे १.९ ला बसणार. आमचा खाली डावीकडचा दाट पुंजका तिथेच होता. आलेख बरोबर निघाल्याची ती पहिली खूण.

(इथे एक छोटा खड्डा आहे. काही शोधनिबंधांत प्रत्येक पट्ट्याचा शून्यबिंदू वजा करून रंग काढतात, त्यामुळे उघडा तारा शून्यावर येतो आणि पहिल्या रंगात साधारण १.५६ चा फरक पडतो. तिने आधी एका पद्धतीचे ठिपके दुसऱ्या पद्धतीच्या सीमारेषांवर टाकले होते. सगळे तारे नकाशाबाहेर गेले, त्यामुळे ते दिवसभरातच लक्षात आलं. अशी ढळढळीत चूक कधीच त्रास देत नाही.)

धूळ आली की २५ मायक्रॉनचं तेज १२ च्या मानाने वाढतं आणि ठिपका उजवीकडे सरकतो. आवरण जितकं दाट, तितका जास्त उजवीकडे. इथवर एका रंगाने भागतं. मग दुसरा कशाला?

दोन तारे घेऊन बघू. पहिला मीरा, तिमिंगल तारकासमूहातला. १५९६ मध्ये फॅब्रिशियसने टिपलेला, सुमारे ३३२ दिवसांनी उजळणारा. आयरासच्या यादीत त्याचं तेज १२, २५ आणि ६० मायक्रॉनला अनुक्रमे सुमारे ४,८८०, २,२६० आणि ३०० जान्स्की (जान्स्की हे तेज मोजायचं एकक). दुसरा सीडब्ल्यू लिओनिस : सुमारे ४७,५००, २३,१०० आणि ५,६५० जान्स्की. आता रंग काढा. मीराचा पहिला रंग उणे ०.८४, सीडब्ल्यू लिओनिसचा उणे ०.७९. जवळजवळ एकच. केवळ या रंगावरून दोघांत फरक करता येणार नाही. दुसरा रंग मात्र मीराचा उणे २.२ आणि सीडब्ल्यू लिओनिसचा उणे १.५.

हा फरक धुळीच्या जातीचा आहे. ताऱ्याच्या वायूत कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही असतात आणि ते आधी एकमेकांना धरून कार्बन मोनॉक्साइड बनवतात. हा रेणू इतका चिवट की जे कमी असेल ते सगळंच्या सगळं त्यात अडकून पडतं. धूळ बनते ती उरलेल्यातून. ऑक्सिजन उरला तर सिलिकेट, म्हणजे आपल्या वाळू-दगडाच्या कुळातली धूळ. कार्बन उरला तर काजळी आणि सिलिकॉन कार्बाइड. सिलिकेट ९.७ आणि १८ मायक्रॉनच्या जवळ जोरात उजळतं, म्हणजे १२ आणि २५ च्या पट्ट्यांत भर घालतं, आणि पुढे लांब तरंगलांबीला त्याची उजळण्याची क्षमता भरभर घसरते. काजळीची क्षमता त्यामानाने सावकाश उतरते, म्हणून ६० मायक्रॉनला तिच्यात जोर शिल्लक असतो. पहिला रंग आवरण किती दाट आहे ते सांगतो, दुसरा ते कशाचं आहे त्याबद्दल बोलतो. ही वाटणी अगदी काटेकोर नाही, दोन्ही रंगांत दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या मिसळलेल्या असतात; पण सुरुवात करायला पुरेशी आहे. आयराससोबत एक छोटा वर्णपटमापकही होता. ९.७ चा उंचवटा दिसला तर सिलिकेट, ११.३ चा दिसला तर सिलिकॉन कार्बाइड, अशी पडताळणी त्यावरून करता येते.

सीडब्ल्यू लिओनिसबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नाशिककरांना त्याची जागा सहज सापडण्यासारखी आहे. गुरू सिंहेत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो, रामकुंडावर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याच सिंह तारकासमूहात मघेच्या तेजस्वी ताऱ्यापासून पश्चिमेला सुमारे पाच अंशांवर हा तारा आहे. पाच मायक्रॉनच्या आसपास पाहणारे डोळे आपल्याला असते, तर सौरमालेबाहेरची सगळ्यात झगझगीत वस्तू म्हणून तो दिसला असता. आपल्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. १९६९ मध्ये माउंट विल्सनवरच्या दोन मायक्रॉनच्या सर्वेक्षणातून तो उघड झाला. अंतर सुमारे चारशे प्रकाशवर्षं. दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पन्नास हजारावा भाग तो बाहेर फेकतो; हिशोब केला तर वर्षाला सहा-सात पृथ्व्या होतात. १.२५ आणि २.२ मायक्रॉनमधला त्याच्या तेजाचा फरक सहा प्रतींच्या आसपास (प्रत म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायची पायरी, मॅग्निट्यूड). साध्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचा हाच फरक साधारण एका प्रतीचा असतो. आणि त्याच्या दक्षिणेला दोन अंशांच्या आतच आर लिओनिस आहे : ऑक्सिजनवाला, पातळ आवरणाचा, ३१० दिवसांच्या आसपास आवर्तन असलेला, ऐन भरात आला की अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा. हाताच्या दोन बोटांत मावेल एवढ्या अंतरात एक राखेखालचा आणि एक राखेबाहेरचा. वर्गात शिकवताना मी नेहमी या जोडीपासून सुरुवात करते.

आठ वेळा तोच आकडा

आता कोपऱ्यातल्या अकरांकडे. वरचा डावा कोपरा म्हणजे काय? पहिला रंग उघड्या ताऱ्याचा, म्हणजे जवळ गरम धूळ नाही. दुसरा रंग मोठा, म्हणजे ६० मायक्रॉनला काहीतरी जास्तीचं आहे. दूरवर गार धूळ असली की असंच दिसतं. तारा काही काळ जोरात धूळ फेकतो, मग थांबतो, आणि फेकलेलं कवच दूर दूर जात राहतं. तर्क बरोबर होता.

सेमिनारसाठी तिला मी एक सारणी मागितली होती. ती लावताना तिने तारे १२ मायक्रॉनच्या तेजाप्रमाणे उतरत्या क्रमाने मांडले. रात्री साडेनऊला तिचा फोन आला.

"मॅडम, एक विचारू? जे तारे फिकट आहेत, त्यांच्याभोवतीच जास्त गार धूळ आहे."

"किती जास्त?"

"सरळ रेषेत वाढत जाते. जेवढा तारा फिकट, तेवढी धूळ जास्त."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. तारा आपल्याला फिकट दिसतो तो मुख्यतः दूर असल्यामुळे. ताऱ्याभोवतीच्या धुळीला आपण किती दूर बसलोय हे कसं कळणार?

"साठच्या रकान्यातले आकडे वाच बरं."

"शून्य पॉइंट चार. शून्य पॉइंट चार. शून्य पॉइंट चार तीन. शून्य पॉइंट चार..." आणि मग तीच थबकली. "मॅडम, सगळे एकच कसे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मूळ यादी उघडली. आयरासच्या यादीत प्रत्येक स्रोतापुढे चार पट्ट्यांसाठी चार आकड्यांची एक छोटी खूण असते. ३ म्हणजे मोजमाप पक्कं, २ म्हणजे मध्यम, १ म्हणजे त्या पट्ट्यात स्रोत दिसलाच नाही आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा आहे. त्या आठही ताऱ्यांपुढे ३३११ होतं. बारा पक्कं, पंचवीस पक्कं, साठ नाही, शंभर नाही.

ही खूण आमच्या सारणीत नव्हती. माहिती उतरवताना कोणते रकाने घ्यायचे ती यादी मीच करून दिली होती : नाव, स्थान, चार तेजं. खुणेचा रकाना मी सोडला. रंग काढायला तो लागत नाही असं त्या वेळी वाटलं. जबाबदारी माझी होती आणि ते मी तिला तेव्हाच सांगितलं, कारण तिला वाटत होतं की तिनेच कुठेतरी गोंधळ घातला.

चूक आकड्यांत कशी उतरते ते बघा. असा एक उघडा तारा घ्या ज्याचं १२ मायक्रॉनचं तेज ४ जान्स्की आहे. धूळ अजिबात नाही. २५ ला तो ०.९२ जान्स्की असेल, ६० ला ०.१६. आयरासला ६० मायक्रॉनला साधारण अर्ध्या जान्स्कीच्या खालचं क्वचितच दिसायचं, म्हणून यादीत त्याच्यापुढे ०.४ अशी वरची मर्यादा येते. तिलाच मोजमाप समजून रंग काढला तर उणे १.९ च्या जागी उणे ०.९ येतं. नुसत्या मर्यादेच्या आकड्याने ठिपका पूर्ण एक एकक वर उचलला जातो. तारा आणखी फिकट घेतला की ठिपका आणखी वर. धुळीचा एक कणही नसताना कवच तयार! आणि ही चूक नेहमी एकाच दिशेने ढकलते, वर. खरा ठिपका दाखवलेल्या जागी असेल किंवा खाली कुठेतरी, वर कधीच नसेल.

माझ्या मते ही सारणी वापरणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. भौतिक गुणधर्म निरीक्षकाच्या अंतराबरोबर बदलताना दिसला, की आधी उपकरणाच्या मर्यादेवर संशय घ्यायचा. तिने हे कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. सारणी क्रमाने लावली, आकडे ओळीने वाचले, आणि तिला खटकलं.

उरलेले तीन

आता ६० मायक्रॉनला ज्यांची खूण ३ होती असे तीन उरले. त्यातले दोन आकाशगंगेच्या पट्ट्याला अगदी चिकटून होते. आयरासच्याच काळात कळलेली एक गोष्ट इथे कामी आली. आपल्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत गार धुळीचे विरळ पदर पसरलेले आहेत. ६० आणि विशेषतः १०० मायक्रॉनला ते पिंजलेल्या ढगांसारखे दिसतात, म्हणून त्यांना अवरक्त सिरस म्हणतात. तारा अशा पदरासमोर असला तर पदराचं तेज ताऱ्याच्या नावावर जमा होतं. आम्ही त्या दोन जागांच्या आयरासच्या प्रतिमा काढून बघितल्या. १२ मायक्रॉनला नीट टिकलीएवढा ठिपका. ६० ला एक लांबट डाग, ज्याचा मध्य ताऱ्यावर नव्हताच. १०० मायक्रॉनचं तेज ६० पेक्षा कितीतरी जास्त. दोन्ही वगळले.

राहिला एक : यू अँटली. दक्षिणेकडच्या अँटलिया तारकासमूहातला कार्बन तारा, साध्या दुर्बिणीतही लालसर दिसणारा. चारी पट्ट्यांत पक्कं मोजमाप, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून लांब, आणि १२-२५ मध्ये अगदी उघड्या ताऱ्याच्या जवळ असूनही ६० ला ठळक जास्तीचं तेज.

आम्ही शोधाशोध केली तर हा तारा सुटलेल्या कवचाचं नामांकित उदाहरण निघाला. चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी त्याच्या कवचाचं तपशीलवार चित्र काढलं, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं : ताऱ्याभोवती पातळ, जवळजवळ अखंड गोल बुडबुडा. सुमारे २,७०० वर्षांपूर्वी काही थोड्या काळात ताऱ्याने खूप वस्तुमान भराभर टाकलं आणि त्याचा हा बुडबुडा झाला. कारण बहुधा आतल्या हेलियमच्या थराचा भडका. हा थर सतत जळत नाही, साठतो आणि मधूनमधून पेटतो. प्रत्येक भडक्यानंतर तारा काही काळ जास्त तेजस्वी होतो, जास्त धूळ टाकतो आणि मग शांत होतो. आलेखाच्या कोपऱ्यातला एक ठिपका ही सगळी कथा दोन आकड्यांत सांगत होता.

ती हिरमुसली होती. "म्हणजे आपण नवीन काहीच शोधलं नाही."

मला ते पटलं नाही, आणि मी तिला तसं सांगितलं. तिने नमुना निवडताना यू अँटलीच्या कवचाबद्दल वाचलेलं नव्हतं. जुन्या उपग्रहाचे तीन आकडे, दोन भागाकार आणि चाळणी नीट लावल्यावर शंभराच्या आतल्या ताऱ्यांमधून नेमका तोच वर आला. पद्धत खरी आहे हे याहून चांगलं कसं सिद्ध होणार?

मार्चच्या मध्यावर एका शनिवारी आम्ही चौघीजणी अंजनेरीच्या पायथ्याशी गेलो, नाशिकपासून वीसेक किलोमीटर. रात्री अकराच्या सुमारास सिंह डोक्यावर होता आणि त्याच वेळी दक्षिणेला अँटलिया आपल्या सगळ्यात उंच जागी आलेला. नाशिकच्या अक्षांशावरून यू अँटली क्षितिजापासून जेमतेम तीस अंश वर येतो. द्विनेत्रीत तो सापडायला वीस मिनिटं लागली. शेजारच्या ताऱ्यांपेक्षा स्पष्ट तांबूस, विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचा. मग द्विनेत्री वर नेऊन आर लिओनिस पाहिला. त्याच्या उत्तरेला दोन अंश सरकून सीडब्ल्यू लिओनिसची जागाही पाहिली. तिथे काही नव्हतं. ती त्या रिकाम्या जागेकडे इतरांपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

आलेखात काय बदललं

शेवटच्या आलेखात ते आठ तारे आहेत, काढून टाकलेले नाहीत. वरची मर्यादा ही सुद्धा माहिती असते. त्यांच्याभोवती अमुकपेक्षा जास्त गार धूळ नाही, एवढं ती सांगते. त्यांच्या जागी ठिपक्याऐवजी खाली तोंड केलेले बाण आहेत. सिरसमधले दोन पोकळ वर्तुळांनी दाखवले आणि खाली कारण लिहिलं.

आणखी एक गोष्ट आम्ही मागे घेतली. तिने आयरासचा १२ मायक्रॉनचा आकडा आणि टू-मास या नंतरच्या आकाश-सर्वेक्षणाचा २.२ मायक्रॉनचा आकडा मिळून एक तिसरा रंग काढला होता. आयराससाठी वर्ष १९८३, टू-माससाठी १९९७ ते २००१. मधे चौदा ते अठरा वर्षं, आणि हे तारे वर्षा-दीड वर्षात एक-दोन प्रती वरखाली होणारे. एक आकडा भरातला आणि दुसरा उतारातला असेल तर धूळ नसतानाही रंग हलतो. आयरासचे चारही पट्टे एकाच फेरीत मोजलेले असल्यामुळे त्यांच्यातले रंग या दोषापासून बरेच सुरक्षित आहेत. तिसरा रंग परिशिष्टात गेला, मोठ्या त्रुटीपट्ट्यांसह.

वक्र रांगेबद्दल आमचं एकमत झालं नाही. ठिपके पातळ आवरणाकडून दाट आवरणाकडे एका ओळीत चढतात. ती म्हणत होती, हा ताऱ्याच्या म्हातारपणाचा रस्ता आहे, प्रत्येक तारा यावरून जातो. तसं मानणारे अभ्यासक आहेतच. मला वाटतं, रांगेतली माणसं एकाच घरातली असतील असं नाही. जन्मतः जड तारे दाट आवरणाकडे जातात आणि हलके तारे कदाचित तिथवर पोचतच नाहीत, म्हणजे रांगेवरची जागा वयाइतकीच जन्माच्या वजनावरही ठरू शकते. अहवालात दोन्ही बाजू तिच्याच शब्दांत आहेत. मी खोडल्या नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी आलेखावरच्या एका बाणावर बोट ठेवलं. "हा तारा कुठे आहे?"

"सर, बाणाच्या शेपटीपाशी किंवा तिच्या खाली कुठेतरी. उघडा तारा असेल तर इथे," तिने उणे १.९ ची रेष दाखवली, "पण आयरासने तिथवर बघितलं नाही."

"मग तो काढून का टाकला नाही?"

"वर नाहीये, हे आपल्याला माहीत आहे म्हणून."

सरांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

यंदा दोन मुलं त्याच यादीवरून कार्बनवाल्या ताऱ्यांचा नवा नमुना घेत आहेत. सारणीची रचना तिने जाण्यापूर्वी करून ठेवली आहे. त्यात पहिला रकाना त्या चार आकड्यांच्या खुणेचा आहे, ताऱ्याचं नाव दुसऱ्यात येतं.